मखमलीतली शिंगं : पामरजवळच्या पाणथळीवरच्या उन्हाळी नोंदी

१८ मे

कॅमेरे लागले. जागा म्हणजे शेजारच्या काकांच्या जमिनीची मागची कड. गवताचं कुरण संपून विलोची झुडपं सुरू होतात, त्यांच्यापलीकडे उथळ तळं आणि पाणथळ. अलास्कातल्या पामर गावापासून फार लांब नाही, पण मूस (हरणांच्या कुळातला सगळ्यांत मोठा प्राणी) इथे दिवसाढवळ्या येतात. तीन कॅमेरे, तिन्ही कार्डावर फोटो साठवणारे. फोनवर फोटो पाठवणारे मुद्दामच घेतले नाहीत. अलास्कात तसले कॅमेरे शिकारीच्या कामी वापरायला मनाई आहे, आणि माझ्या नोंदी शेवटी काकांच्याच हातात पडणार.

काकांचं वय सत्तरीपुढे. दर वर्षी एक मूस मिळाला तर हिवाळाभर मांस पुरतं, असा त्यांचा सरळ हिशोब. मी शिकार करत नाही. माझा धंदा जमीनमोजणीचा, आणि लांबून कुणी "पन्नास इंच नक्की!" असं म्हणालं की मला तो आकडा कुठून आला ते विचारल्याशिवाय राहवत नाही. फोटोंवरून नरांची शिंगं मोजायचा हा सगळा उद्योग त्यातून निघाला.

नियम एकदा लिहून ठेवतो. आमच्या विभागात नर मारायचा तर तीनपैकी एक अट पुरी व्हायला हवी. शिंगांची रुंदी ५० इंच किंवा जास्त. किंवा निदान एका बाजूला कपाळाकडची तीन किंवा जास्त टोकं. किंवा निदान एका बाजूला एक-दोनच टोकं असलेला नर, जो बहुतेक वेळा दुसऱ्या वर्षातला असतो. यांतलं काहीच नसेल तर बंदूक खाली. काही विभागांत तीनऐवजी चार टोकं लागतात, त्यामुळे दुसऱ्या भागातल्या मित्राचा सल्ला इथे लावू नये.

ही पद्धत १९८७ साली केनाय द्वीपकल्पावर सुरू झाली. कोवळ्यांतले काही जातील, जुन्यांतले काही जातील, मधल्या वयाचे वाचतील आणि माद्यांच्या मानाने नर कमी पडणार नाहीत, असा विचार त्यामागे होता. कागदावर उत्तम. फक्त त्यातला ५० हा आकडा शिकाऱ्याने शंभर यार्डांवरून, पहाटेच्या उजेडात, हलत्या जनावरावर मोजायचा आहे. चुकला तर मांस जप्त आणि दंड वेगळा.

जाता जाता: या दिवसांत माद्या वितात. पिल्लू जवळ असलेल्या मादीइतकं धोक्याचं या भागात क्वचितच काही असतं, अस्वलसुद्धा नाही असं काका म्हणतात. कान मागे पडले, मानेवरचे केस उभे राहिले की झाड गाठायचं. कॅमेरा बांधायला गेलो तेव्हा काका बाहेर पहाऱ्याला थांबले होते.

९ जून

पहिलं कार्ड काढलं. नर तीन-चार तरी येतात. ओळखीसाठी नावं पडलीच. एकाचा डावा कान चिरलेला आहे, तो कानफाट्या. आता नाव पडलं ते पडलं. एक भारदस्त, मानेखालची झोळी लोंबणारी, पाण्यात उतरला की बाकीचे आपोआप बाजूला होतात, तो पाटील. आणि एक मागच्या वर्षीचं पोर, आईने नुकतंच हाकललेलं, दिवसभर कुठेही नुसतं उभं राहणारं. त्याला कार्टं.

शिंगं आत्ता कशी दिसतात? पाटलाच्या कपाळावर दोन जाड, बोथट, काळपट दांडे, टोकाला फुगीर. त्यांतून पुढच्या बाजूला एक फाटा फुटलेला. कानफाट्याचेही तसेच, थोडे बारीक. कार्ट्याच्या डोक्यावर नुसती अंगठ्याएवढी बोंडं.

शिंग दर वर्षी गळतं आणि दर वर्षी नव्याने येतं, हे भारतात चितळ-सांबर पाहिलेल्यांना सांगायला नको. फरक तालाचा आहे. ताडोबात एकाच दिवशी एक चितळ कडक शिंगांचा आणि दुसरा मखमलीतला, म्हणजे वाढत्या शिंगावर केसाळ कातडी असलेला, दिसू शकतो. इथे सगळे नर जवळजवळ एकाच वेळापत्रकावर चालतात, कारण वेळापत्रक दिवसाच्या लांबीवर ठरतं आणि ६१ अंश उत्तरेला दिवसाची लांबी भलतीच बदलते. हिवाळ्यात शिंगं गळतात, जुन्या नरांची आधी, पोरांची उशिरा. वसंतात नवी फुटतात. ऑगस्टपर्यंत वाढ आटोपते. म्हणजे दोघा नरांची एकाच तारखेची तुलना इथे खरी ठरते. माझं अर्धं काम तेवढ्यानेच सोपं झालं.

२१ जून

साडेएकोणीस तासांचा दिवस. रात्रीचे फोटोही रंगीत येताहेत. इन्फ्रारेडची गरजच पडलेली नाही.

कार्डावर डासांची फोटोग्राफी जास्त आणि मूसची कमी.

४ जुलै

गावात मिरवणूक, इथे शांतता. सकाळी दुर्बीण घेऊन काकांच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये बसलो.

आजची नोंद महत्त्वाची आहे. नराच्या शिंगात दोन भाग असतात. बुडापासून निघून पुढे, डोळ्यांवर येणारा छोटा फाटा किंवा छोटा पंजा, आणि मागे-बाहेर पसरणारा मोठा पंजा. दोहोंच्या मध्ये एक रुंद खाच असते. पुढच्या छोट्या पंजावर जी टोकं असतात तीच नियमातली कपाळाकडची टोकं. खाचेतून किंवा खाचेच्या पलीकडून निघालेलं टोक धरत नाहीत. टोक म्हणायला त्याची लांबी निदान एक इंच हवी आणि ते रुंदीपेक्षा लांब हवं.

आता वाढीचा क्रम पाहा. पुढचा फाटा आधी वेगळा होतो, मोठा पंजा मागाहून पसरत जातो आणि त्याच्या कडेची टोकं सगळ्यांत शेवटी निघतात. आजच पाटलाच्या उजव्या बाजूला पुढे तीन टोकं स्वच्छ दिसली, डाव्या बाजूला चार. मोठा पंजा मात्र अजून मांसल फडा आहे, काठ गोल, कुठे थांबणार याचा पत्ता नाही. म्हणजे टोकं आणि रुंदी या दोन अटींपैकी पहिलीचं उत्तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात मिळू शकतं आणि दुसरीचं मिळू शकत नाही. गावात मात्र जो तो उन्हाळ्यात रुंदीबद्दलच बोलतो. दुकानात, पेट्रोल पंपावर, "साठ इंची पाहिला" याखाली कुणी येतच नाही.

काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मी चाळीस वर्षं कपाळच बघतो. पन्नास इंच बघायला माझ्याकडे डोळे कुठे आहेत?"

कानफाट्याची गोष्ट वेगळी. उजव्या बाजूला पुढे दोन टोकं नक्की. तिसरं एक बोंड आहे, पण ते छोट्या पंजावर आहे की खाचेच्या तळाशी, हे समोरून कळत नाही. बाजूने फोटो हवा. तिसरा कॅमेरा पायवाटेला आडवा लावला.

१३ जुलै

मोजणीचा दिवस. मुख्य कॅमेऱ्यापासून आठ मीटरवर मूस नेहमी जिथून पाण्यात उतरतात तिथे एक खांब रोवला. दर दहा इंचांवर आलटून पालटून पांढरा आणि केशरी पट्टा. मग काकांच्या गॅरेजच्या दारावरची शिंगं उतरवली. कवटीच्या तुकड्यासकट आहेत, टेपने बरोबर साडेत्रेपन्न इंच भरली. आम्ही दोघांनी ती खांबापाशी धरून वेगवेगळ्या तऱ्हांनी फोटो काढले. काकू खिडकीतून बघत होत्या. त्यांनी एकदाच विचारलं, "तुम्ही दोघं बरे आहात ना?"

शिंगं खांबाच्या अगदी रेषेत, कॅमेऱ्याकडे सरळ तोंड करून धरली, तर फोटोतून साडेत्रेपन्नच निघतात. इथपर्यंत ठीक.

मग खांबाच्या एक फूट पुढे आणली. मूस चालताना खांबाला घासून थोडाच चालतो! आठ मीटरवर एक फूट म्हणजे जवळजवळ चार टक्के. साडेत्रेपन्नाचे साडेपंचावन्न झाले. मूसने डोकं खाली घातलं की नेमकं हेच होतं. पाणी पिणारा किंवा पाण्यातलं गवत खाणारा नर कॅमेऱ्याकडे तोंड करून असेल तर शिंगं अंगाच्या बरीच पुढे येतात आणि फोटोत फुगतात. लोकांच्या फोनमधले "राक्षसी" नर बहुतेक सगळे डोकं खाली घातलेले असतात, हे आजपासून मी बघू लागणार.

नंतर वीस अंशांनी फिरवली. डोळ्याला वीस अंश जाणवतसुद्धा नाहीत, समोरच बघतोय असं वाटतं. रुंदी निघाली पन्नासला चिकटून. साडेतीन इंच हवेत विरले. आणि नियमाप्रमाणे रुंदी मोजायची ती कवटीच्या मध्यरेषेला काटकोनात, सरळ रेषेत. तिरपी, टोकापासून टोकापर्यंत सोयीने धरलेली नाही.

म्हणजे खांब चांगला, पण त्याच्यासमोर नर नीट उभा राहायला हवा. जनावराच्याच अंगावरची पट्टी वापरली तर? इथले शिकारी दोन डोळ्यांमधलं अंतर वापरतात. मोठ्या नराचं ते सुमारे दहा इंच धरतात. डोळे आणि शिंगं एकाच डोक्यावर, त्यामुळे लांब-जवळची भानगड बरीच कमी होते. नर समोर बघत असेल तर एका डोळ्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर पाच वेळा बसलं की ५०.

ते "सुमारे" किती महागात पडतं ते पुढे खऱ्या जनावरावर बघू.

१४ जुलै

कालची शिंगं परत दारावर टांगली. एक खिळा वाकला. काकूंनी नवा दिला, टोमणा मारून.

२८ जुलै

गरमी. आपल्या हिशोबाने ही गरमी नव्हेच, पण मूससाठी आहे. उन्हाळ्यात सुमारे १४ अंश सेल्सिअसच्या वर पारा गेला की त्याला ताप होऊ लागतो, श्वास वाढतो. म्हणून दुपारी फोटो नाहीत, किंवा आहेत ते पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेल्या डोक्यांचे. पाण्यातल्या वनस्पतींत सोडियम भरपूर असतं, विलोच्या पानांत जवळजवळ नसतंच. त्यामुळे तळ्याची ओढ दुहेरी.

पाटील पाण्यातून वर आला तो क्षण आडव्या कॅमेऱ्यात सापडला. मखमल भिजून चपटी बसलेली, पाणी निथळतंय, आणि पंजाच्या मागच्या बाजूवर रक्तवाहिन्यांच्या उमटलेल्या रेषा चक्क मोजता येतात. बाहेरच्या काठावर माश्यांची झालर. या मखमलीत रक्त खेळतं. हात लावला तर गरम लागते असं सांगतात, लावायला अर्थातच कुणी जात नाही. आत अजून कुर्चा आहे, हाड पक्कं व्हायचंय. भराच्या काळात मोठ्या नराच्या शिंगाची वाढ दिवसाला दोन सेंटिमीटरच्या आसपास पोचू शकते. इतकं हाड इतक्या झपाट्याने बनवणारे प्राणी फार थोडे. नुसत्या चाऱ्यातून तेवढं कॅल्शियम मिळत नाही, तेव्हा हरणांच्या कुळात ते स्वतःच्या बरगड्यांतून उसनं घेतलं जातं आणि पुढे भरून निघतं.

म्हणून मखमलीतला नर शिंगं जपून वागतो. झुडपातून जाताना मान वाकडी करून वाट काढतो. दोघांचं भांडण झालं तर मागच्या पायांवर उभे राहून पुढच्या खुरांनी मारतात, शिंगं मध्ये आणत नाहीत. आता शिंगाला इजा झाली तर ते त्या वर्षी वेडंवाकडंच वाढतं.

कानफाट्याचा बाजूचा फोटोही आला. तिसरं टोक खाचेच्या तळातून निघालंय असं दिसतं. छोट्या पंजाचं वाटत नाही. अजून दोन फोटो मिळाल्याशिवाय लिहून टाकत नाही.

६ ऑगस्ट

टोकं निमुळती झाली. वाढ थांबत आल्याची ही खूण. जूनमधली फुगीर बोंडं जाऊन पाटलाच्या पंजाच्या कडेला आता अणकुचीदार बोटं दिसतात, मखमल त्यांच्यावर ताणून बसलेली. ज्याची टोकं अजून गोल आहेत त्याची रुंदी आज लिहिण्यात अर्थ नाही. ज्याची निमुळती झाली त्याची लिहायला हरकत नाही.

कानफाट्याची झाली आहेत, तेव्हा आज त्याचा हिशोब. फोटो समोरून, डोकं वर, दोन्ही डोळे स्वच्छ. दोन डोळ्यांमध्ये ९२ पिक्सेल. शिंगांच्या बाहेरच्या काठांमध्ये ४४२. भागाकार ४.८. डोळ्यांमधलं अंतर दहा इंच धरलं तर रुंदी ४८.

आता तेच अंतर साडेनऊ इंच असेल तर? ४५.६. साडेदहा असेल तर? ५०.४. अर्ध्या इंचाच्या फरकाने एक नर एकीकडे कायद्याच्या आत आणि दुसरीकडे बाहेर. वर मखमल आहे. कातडी आणि केस दोन्ही काठांना थोडी थोडी भर घालतात आणि सोललं की ती भर जाते. तेव्हा मखमलीत ४८ दिसणारा नर उघडा झाल्यावर मोठा ठरायचा नाही, झाला तर कमीच.

मोजणीच्या धंद्यात आम्ही हद्दीच्या दगडापाशी कधी एका वाचनावर निर्णय देत नाही. इथे शिकाऱ्याला एकच वाचन मिळतं आणि तेही धडधडत्या छातीने. माझं मत तेव्हापासून ठाम झालंय: साधारण ४६ ते ५४ मध्ये वाटणारा नर रुंदीवर मारूच नये. त्याची टोकं मोजावीत. टोकं पुरत नसतील तर जाऊ द्यावा. पाटील यात येत नाही. त्याचा भागाकार ५.७ आहे, डोळ्यांमधलं अंतर साडेनऊ धरलं तरी ५४च्या वर जातो, शिवाय टोकं आहेतच.

वयाबद्दलही काकांशी बोलणं झालं. अलास्कातले नर सहा-सात वर्षांचे झाले की कधीकधी मोठी शिंगं काढतात, पण सगळ्यांत मोठी साधारण दहा ते बारा वर्षांच्या वयात. त्यानंतर उतरंड. पाटलाच्या पंजाची कड एका बाजूला जरा खडबडीत, टोकं आखूड. काकांच्या मते तो आता चढणीला राहिलेला नाही. माझ्या मते एका उन्हाळ्याच्या फोटोंवरून असं म्हणता येत नाही. मागच्या वर्षीची त्याची गळलेली शिंगं सापडली असती तर बोललो असतो.

१९ ऑगस्ट

रोज पाच-साडेपाच मिनिटांनी दिवस कमी होतोय. रात्री पुन्हा खऱ्या रात्री वाटतात, कॅमेरे इन्फ्रारेडवर गेले. दिवस आखडला की नराच्या अंगात टेस्टोस्टेरॉन चढतं, शिंगातलं हाड पक्कं होतं, मखमलीचा रक्तपुरवठा बंद पडतो. बाहेरून अजून काही दिसत नाही. पण पाटील आज विलोच्या एका खोडापाशी बराच वेळ थांबला होता आणि त्याने त्याला एकदाच, हलकेच, कपाळ लावून पाहिलं.

कार्ट्याची नोंद राहून गेली होती. डावीकडे दुटोकी, उजवीकडेही दुटोकी. जुलैत डावीकडे तिसऱ्या टोकासारखा उंचवटा होता, तो तिथेच थांबला. इंचभर लांब नाही, म्हणून टोक नाही. नियमाच्या दृष्टीने कार्टं मारता येतं. काका म्हणतात, मांस उत्तम असतं. काकू म्हणतात, त्याला हात लावायचा नाही. या घरात कायद्यापेक्षा वरचं एक कलम आहे.

२७ ऑगस्ट

पामरला राज्याची जत्रा भरली आहे. इथला कोबी प्रसिद्ध. २०१२ साली इथेच १३८ पौंडांहून जास्त वजनाचा कोबी तोलला गेला, म्हणजे साठ किलोंच्या वर. उन्हाळ्याचा लांब दिवस कोबीलाही मानवतो. मुलांना घेऊन गेलो, कोबीपुढे फोटो काढले, घरी येऊन कार्ड बघितलं आणि त्यात पाटील!

मखमल सुटली. डाव्या पंजाच्या काठावरून एक लांब पट्टी लोंबतेय, डोळ्यावर येते, तो डोकं झटकतो. आतलं हाड ओलं, तांबडं, मध्येच पांढरं. पुढच्या फोटोत तो विलोच्या झुडपात घुसून शिंगं घासतोय, फांद्या मोडून पडल्यात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पंजा बहुतेक उघडा, आणि फांद्यांच्या रसाने तपकिरी होऊ लागलेला. हा रंग घासण्यातूनच चढतो, आत हाड पांढरंच असतं. लोंबणाऱ्या पट्ट्या नर स्वतःच खातात असंही कधी दिसतं, आमच्या कॅमेऱ्यात मात्र ते आलं नाही.

जुने नर आधी सोलतात, पोरं मागून. कानफाट्या अजून पूर्ण मखमलीत आहे.

घरी आईला व्हिडिओ कॉलवर पाटलाचा फोटो दाखवला. "अरे, हे रक्त कसलं? कुणी मारलं का त्याला?" म्हणाली. समजावून सांगितलं. मग तिने विचारलं की शिकार करणं गुन्हा नाही का. भारतात १९७२ च्या कायद्यापासून आपल्या पिढीच्या डोक्यात ते इतकं पक्कं बसलंय की परवाना, हंगाम, मांस खराब करायचं नाही अशा अटींवर चालणारी शिकार समजावायला मला कोबीपेक्षा जास्त वेळ लागला. मांसाबद्दल ऐकून ती जरा सैल झाली. इथे चारही पाय, बरगड्या, मान, पाठ असं सगळं खाण्याजोगं मांस रानातून आणावंच लागतं, आणि मांस बाहेर निघाल्याशिवाय शिंगं आधी आणता येत नाहीत. मोठ्या नराचं मांस ५०० पौंडांच्या घरात भरतं. "मग एवढं ठेवतात कुठे?" हा पुढचा प्रश्न. काकांचे फ्रीजर मोजून सांगितले.

५ सप्टेंबर

कानफाट्या उघडा झाला. दोन दिवसांत मुख्य कॅमेऱ्यात समोरून तीन चांगले फोटो आले. भागाकार ४.७, ४.७, ४.६. ऑगस्टच्या मखमलीपेक्षा किंचित कमी, अपेक्षेप्रमाणे. तिसऱ्या टोकाचा बाजूचा फोटो आता निर्विवाद आहे. हाड उघडं झाल्यावर खाचेची कड धारदार दिसते आणि ते टोक स्पष्टपणे खाचेच्या आतून, मोठ्या पंजाच्या बुडाशी निघतं. मोजायचं नाही. डावीकडे दोनच.

म्हणजे हा नर या हंगामात अटींमध्ये बसत नाही, आणि समोरून पाहणाऱ्या कुणालाही तो बसतो असंच वाटेल. तीन टोकं दिसतात, रुंदी पन्नाशीची वाटते. असल्या नरापायीच माणसं फसतात. काकांना तिन्ही बाजूंचे फोटो छापून दिले. त्यांनी ते शेडमध्ये रायफलच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवले, आणि आणखी एक प्रत मागितली, कुरणापलीकडच्या शेजाऱ्यासाठी.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात लिहिलेली टोकांची संख्या आज पडताळली. पाटलाची तीन आणि चार, तशीच. कानफाट्याची दोन आणि दोन, अधिक ते एक शंकेचं. रुंदीचे जुलैतले आकडे मात्र एकाही नराचे टिकले नाहीत. पाटलाच्या बाबतीत जुलै मध्यापासून ऑगस्टपर्यंत आकडा सरकतच होता.

१२ सप्टेंबर

मुख्य कॅमेरा काढून आणला. आता काका स्वतः बसतात, आणि मी त्यांच्यामागे दुर्बीण घेऊन.

पहाटे धुकं. कानफाट्या कुरणाच्या टोकाला आला, आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. काकांनी स्कोपमधून बराच वेळ पाहिलं. धुक्यात तो प्रचंड वाटत होता. मी काही बोललो नाही. मग काका म्हणाले, "तुझा पाहुणा," आणि थर्मासचं झाकण उघडलं.

पाटील चार दिवस दिसलेला नाही. माजाचा काळ सप्टेंबरच्या शेवटी येतो, मोठे नर त्याआधीच माद्यांच्या शोधात दूर निघतात. उन्हाळाभर ओळखलेला नर हंगामात त्याच तळ्यावर भेटेल असं नसतं, हे काकांनी मे महिन्यातच सांगून ठेवलं होतं.

२६ सप्टेंबर

हंगाम संपला. काकांनी तळ्यापासून बराच वर, बर्चच्या रानात, उन्हाळ्यात न पाहिलेला एक नर घेतला. एका बाजूला कपाळाकडे चार टोकं. रुंदी टेपने साडेसेहेचाळीस. काकांनी रुंदीकडे बघितलंच नव्हतं. डोळ्यांमधलं अंतर मी लगेच मोजून घेतलं: पावणेदहा इंच. कवटी नाही, कातड्यासकट, आतल्या कोपऱ्यापासून आतल्या कोपऱ्यापर्यंत. कोणत्या कोपऱ्यापासून मोजायचं हे शिकाऱ्यांमध्ये कुणी सांगत नाही आणि दीड-दोन इंचांचा फरक तिथेच पडतो. पुढच्या वर्षीच्या नोंदींत ते आधी पक्कं करायचं.

पुढच्या मेसाठी कामं: खांब कॅमेऱ्यापासून आठऐवजी बारा मीटरवर न्यायचा, म्हणजे डोकं पुढे-मागे झाल्याचा दोष कमी होईल. आडवा कॅमेरा पहिल्यापासूनच लावायचा, आणि तो छातीच्या उंचीवर, कारण यंदा त्याने अर्धे फोटो पोटांचे काढले. पट्ट्यांचा केशरी रंग धुक्यात दिसला नाही, काळा लावायचा. हिवाळ्यात शिंगं गळायला लागली की काकांच्या जमिनीवरून चालत जाऊन पाटलाची जोडी सापडते का बघायचं. सापडली तर टेप लावून ५.७ चा भागाकार तपासता येईल, मात्र कवटीपासून सुटलेल्या दोन शिंगांमधून रुंदी काढायची कशी याचा विचार त्याआधी करावा लागेल. पंजाची लांबी-रुंदी आणि टोकं तेवढी मोजता येतील.

मांसाचा आमचा वाटा काल आला. बायकोने खिम्याला घेतला.